पंप बदलण्याआधी गेज लावा

महोदय,

उन्हाळा चढला की नाशिक जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरला (पुढे बसवलेल्या, बकेट उचलणाऱ्या यंत्राला) उसंत नसते. तलावांतला गाळ भरायचा असतो, द्राक्षबागांसाठी शेणखताचे ढीग हलवायचे असतात. याच दिवसांत ‘लोडरची हायड्रोलिक उचलत नाही’ ही तक्रार वाढते. त्यावर बहुतेक ठिकाणी दोनच उपाय होतात, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) कसायचा नाहीतर पंप बदलायचा. गेजने तेलाचा दाब न मोजता केलेले हे दोन्ही उपाय शेतकऱ्याचा खिसा रिकामा करतात आणि मूळ दोष बऱ्याचदा तसाच राहतो. म्हणून हे पत्र.

आधी तक्रार नेमकी काय आहे ते ठरवावे. बूम (बकेट उचलणारे हात) वर जातो पण रेंगाळत जातो, म्हणजे तेल कमी पोचते आहे. रिकामा बूम झटकन वर जातो पण भरलेली बकेट जागची हलत नाही, म्हणजे दाब कमी आहे. या दोन्हींची कारणे वेगळी आहेत. ट्रॅक्टर आणि लोडर एकाच पंपावर चालत असतील तर अवजारे उचलणारी मागची लिफ्टही पाहावी. तीही अशक्त असेल तर दोष पंप, सक्शन (टाकीतून पंपाकडे तेल ओढणारी बाजू) किंवा मुख्य रिलीफ व्हॉल्व्हमध्ये शोधावा. मागची लिफ्ट ठणठणीत असेल तर लोडरच्या व्हॉल्व्हपासून पुढे पाहावे. आणि बकेटीत काय भरले आहे तेही बघावे. ओला गाळ घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरतो. 0.3 घनमीटरच्या बकेटीत तो पाचशे किलोंच्या वर जातो. वाळलेले शेणखत त्याच बकेटीत निम्म्याहूनही कमी वजनाचे असते. खत सहज उचलणारा लोडर गाळाला अडला, तर तो बिघडलाच असे नाही.

मग तेल. पातळी बघताना बकेट जमिनीवर आणि सगळे सिलिंडर आत घेतलेले हवेत. इथे लोडर पुष्कळदा नंतर बसवलेला असतो. सिलिंडर आणि पाइप भरायलाच पाच-सहा लिटर तेल जाते, ते वरून घातले जात नाही आणि पंप चढावर हवा ओढू लागतो. तेल फेसाळ असेल तर सक्शनच्या बाजूने हवा शिरते आहे. इंजिन चालू ठेवून सक्शन पाइपच्या एकेका जोडावर ग्रीस लावावे. ज्या जोडावर लावल्यावर पंपाची कुंई थांबते, तिथली क्लिप किंवा ओ-रिंग बदलावी. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. बाटलीत रात्रभर ठेवले तर फेस विरतो, पाण्याचा दुधाळपणा जात नाही आणि कधी पाणी तळाशीही बसते. असे तेल पूर्ण काढावे, सोबत सक्शन जाळी डिझेलमध्ये धुवावी आणि फिल्टर नवा घालावा.

वेगाचा हिशेब घड्याळावर होतो. 63 मिमी बोअर (आतला व्यास) आणि 60 सेंमी स्ट्रोक (दांड्याची चाल) असलेल्या सिलिंडरमध्ये 1.87 लिटर तेल मावते, दोन सिलिंडरचे पावणेचार लिटर झाले. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर रिकामा बूम साधारण 11 सेकंदांत पूर्ण वर गेला पाहिजे. तेवढ्यालाच 18-19 सेकंद लागले तर जेमतेम 12 लिटर पोचते आहे. यात पंप दोषी ठरवण्याआधी क्विक कपलर (नळ्या झटपट जोडायचा जोड) बघावा. तो अर्धवट बसला की तेल तिथेच अडते. होज (रबरी नळी) बाहेरून चांगला दिसला तरी आतले रबर सुटून पडद्यासारखे आडवे येते. बूम जाताना सुस्त आणि येताना ठीक, हे त्याचे लक्षण.

आता दाब. पंपाच्या आउटलेटला टी (तीन तोंडांचा जोड) लावून 0 ते 250 बारचा गेज बसवावा. तेल गरम झाल्यावर बूम शेवटपर्यंत नेऊन लिव्हर चार-पाच सेकंदच धरावा आणि आकडा बघावा. तो ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवायचा. तेल थंड असो वा गरम, इंजिन मंद असो वा तेज, आकडा कमीच राहिला तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली आहे किंवा सीटखाली कचरा अडकला आहे. खोलून धुतल्यावर बऱ्याचदा काम होते. थंडपणी पुरेसा दाब, गरमपणी घसरलेला आणि रेस वाढवली की थोडा चढणारा, असे असेल तरच पंप झिजल्याचा संशय घ्यावा.

रिलीफ व्हॉल्व्हमध्ये वॉशर घालून दाब वाढवण्याला आमचा ठाम विरोध आहे. 175 बारला 63 मिमीचा एक सिलिंडर साडेपाच टनांच्या जवळपास जोर लावतो. त्यावर आणखी दाब चढवला तर होज फुटतो, बूमचे वेल्डिंग तडकते, पुढचा अ‍ॅक्सल वाकतो.

उचलून ठेवलेला बूम आपोआप खाली येत असेल तर सगळे सिलिंडरच्या सीलकडे बोट दाखवतात. पण दोन्ही बाजूंचे तेल स्पूलने (लोडरच्या व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याने) घट्ट अडवले असेल, तर पिस्टनचे सील गळूनही बूम फारसा उतरत नाही, कारण आत येणाऱ्या रॉडसाठी तेलाने जागा सोडलेली नसते. बाहेर तेल दिसत नसताना बूम उतरतो, तेव्हा आधी स्पूल तपासावा. सील किट त्यानंतर.

आणखी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. बारीक भोकातून उडणारी तेलाची धार हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून शोधावी. ती कातडीत शिरली तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तासाभराची वाट न बघता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. जोड सोडण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर दोन-तीनदा मागेपुढे. उचललेल्या बूमखाली टेकू नसताना कुणी जाऊ नये.

ट्रॅक्टर विक्रेत्यांना आणि कृषी विभागाला विनंती आहे की, सर्व्हिस कॅम्पमध्ये असा एक गेज आणि दोन-तीन मापांचे अडॅप्टर ठेवावेत. पंप बदलायला सांगताना शेतकऱ्याच्या हाती लेखी आकडे द्यावेत: तेल थंड असतानाचा दाब, गरम असतानाचा दाब आणि रिकामा बूम वर जायला लागलेले सेकंद.

– ट्रॅक्टर दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक