कात्री खाली ठेवणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

तुम्ही माझ्या जीन्सला कात्री लावली नाहीत, याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, तुम्ही लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात आणि माझं बोलणं राहून गेलं. ते इथे, सगळ्यांसमोर बोलते.

तुमच्याकडे आले तेव्हा माझा सूर जरा चढा होता. त्यामागचं कारण तुम्हाला ठाऊक नव्हतं. याआधी घेतलेली रॉ डेनिमची, म्हणजे कारखान्यात न धुतलेल्या कोऱ्या कापडाची, जीन्स वाया गेली होती. घेताना मी विक्रेत्याला स्पष्ट विचारलं होतं, धुतल्यावर आटेल का? "डेनिम कुठे आटतं का!" असं तो ठासून म्हणाला. कंबरेला बरोबर बसणारी जीन्स त्याने दिली आणि दुकानातल्याच शिलाईवाल्याने उंची मोजून खालचं कापड तिथल्या तिथे उडवलं. पहिल्या धुण्यात ती घोट्याच्या वर गेली. परत घेऊन गेले तर एक म्हणाला, तुम्ही चुकीची धुतली. दुसरा म्हणाला, मापाप्रमाणेच कापली होती. माहीत नाही एवढं म्हणायला दोघांपैकी कोणाचंही काय जात होतं? कापड विकायचं आणि त्याचा स्वभाव गिऱ्हाइकाला सांगायचा नाही, याचा राग मला अजून येतो.

तुम्ही जीन्स हातात घेतलीत, काठाजवळ कापड चुरगळून पाहिलंत आणि विचारलंत, "ही पाण्यात गेली आहे का?" नाही म्हटल्यावर हातातली कात्री खाली ठेवलीत. मग पाय आतल्या बाजूला दुमडून पांढऱ्या दोऱ्याने मोठे मोठे टाके घालत धावदोरा घातलात. एका हाताने ओढला की निघेल असा, पण तोपर्यंत नीट घालता येईल असा. "दोन-तीनदा धुवा, मग या. तेव्हा कापू," म्हणालात. पैसे विचारले तर मान हलवलीत. शिलाई झालीच नाही तर पैसे कसले, हे तुमचं म्हणणं. बाहेर माणसं खोळंबली होती. कापून, शिवून, पैसे घेऊन मला वाटेला लावणं तुम्हाला सहज जमलं असतं, आणि मी तेच मागायला आले होते. तरी तुम्ही सुईत पांढरा दोरा ओवलात. निळ्यावर पांढरा, म्हणजे उसवताना मला शोधावा लागू नये.

कारणही तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. मागावर उभा धागा ताणलेला असतो. पाणी लागलं की तो ताण सुटतो, सूत फुगतं आणि कापड उंचीत आखडतं. तुम्ही सांगितल्यावर मी त्यावर वाचलं. मागावरून उतरलेलं, कसलीही प्रक्रिया न केलेलं डेनिम साधारण 7 ते 10 टक्के आटतं. म्हणजे 34 इंच उंचीच्या जीन्सचे जवळपास 3 इंच पाण्यात जाऊ शकतात. 1930 च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट यांनी वाफ आणि दाब देऊन कापड आधीच आखडून घेण्याची पद्धत काढली. त्यांच्याच नावावरून तिला सॅनफरायझिंग म्हणतात. असं कापड पुढे फारच थोडं आटतं. रोजच्या बहुतेक जीन्स या प्रकारच्या असल्यामुळे त्या विक्रेत्याला न आटणारंच डेनिम माहीत असावं. पण समोरचं कापड कुठलं, एवढं पाहणं त्याचं काम होतं.

काही ब्रँड लेबलवर भिजण्याआधीचं माप लिहितात, काही भिजल्यानंतरचं. म्हणून लेबलवर विसंबायचं नाही, टेप लावायची आणि किती आटेल हे विचारून मगच साइज ठरवायचा, हेही तुमच्याकडूनच शिकले. कंबर भिजल्यावर घट्ट होते, पण वापरात थोडी सैल पडते. गेलेली उंची मात्र परत येत नाही. तुम्ही कंबरेची काळजी न करता उंचीवर का अडून बसलात, ते मला तेव्हा कळलं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे उलटी करून कोमट पाण्यात भिजवली. पाणी निळं झालं, खळ सुटली आणि पत्र्यासारखं ताठ कापड हाताला वळायला लागलं. पिळली नाही, नुसती निथळू दिली, सावलीत वाळवली. अजून वेगळीच धुते, कारण नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोचलेली नसते, वरच्या थरावरच बसते आणि घासलं की निघते. फिकट रंगाच्या खुर्चीवर बसतानाही जपते. त्याच निळीमुळे गुडघ्यामागे आणि मांडीवर आपल्या बसण्या-उठण्याच्या रेघा उमटतात. तयार फिकट केलेल्या जीन्सवर त्या दुसऱ्या कोणाच्या तरी हिशोबाने पाडलेल्या असतात. माझ्या आता कुठे दिसायला लागल्या आहेत आणि त्या पाहून मला फार आनंद होतो.

अशी जीन्स महिनोन्‌महिने धुवायचीच नाही, असं अनेक हौशी लोक सांगतात. तुम्ही म्हणालात, घामा-मळाने कापड लवकर विरतं, आधी आसनाजवळ जातं. मला तुमचं पटलं. वास यायला लागला की धुते, ब्लीच न वापरता.

एक गोष्ट तुम्हाला कळवायचीच होती. खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट, म्हणजे ठोकून बसवलेले छोटे गोल खिळे, असतात ना, ती एका शिंप्याची कल्पना. अमेरिकेत रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचे शिंपी होते. कष्टकऱ्यांच्या पँटचे खिसे पुन्हा पुन्हा फाटू नयेत म्हणून त्यांनी तिथे रिवेट ठोकले. 20 मे 1873 रोजी त्याचं पेटंट त्यांना आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना मिळालं. दुकानातून बाहेर पडल्यावरही गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा टिकावा, हा विचार तेव्हाही शिंप्यानेच केला. तुमच्यासारखी माणसं या धंद्यात पहिल्यापासून आहेत, असं मला ते वाचताना वाटलं. आपलं काम थोडं लांबलं तरी चालेल, पण समोरच्याचं नुकसान नको, असं मानणारी ही माणसं. बँकेत, दवाखान्यात, रिक्षात, कुठेही असं कोणी भेटलं की दिवसभर मन हलकं राहतं.

दोन धुण्यांनंतर उंची पहिल्यापेक्षा बरीच कमी झाली. तिसऱ्यात फारसा फरक पडला नाही. तुमचा धावदोरा मी उसवला आहे. आता मापाला ती माझ्यापेक्षा अगदी थोडी लांब आहे. या आठवड्यात घेऊन येते, तुम्हाला योग्य वाटेल तेवढी कापा. या वेळी मात्र शिलाईचे पैसे घ्यावे लागतील.

आपली आभारी,
तुमची एक गिऱ्हाईक