मोरीचा तळ नाल्याच्या तळाखाली घ्या

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

शहादा तालुक्यातल्या ज्या नाल्याकाठी मी वाढलो, तो गोमाईला मिळतो आणि गोमाई प्रकाशाला तापीला. मृगाचा पहिला पूर आला की गढूळ पाण्यातून चढणीचे मासे वर निघायचे. अंडी घालायला त्यांना वरचं उथळ, गोट्यांचं पाणी लागतं. आमचा नाला वाहतो तेच दिवस मोजके. माशांचं सगळं वर्ष त्यावर.

रस्ता झाला तेव्हा नाल्यात ९०० मिलिमीटरचे दोन पाईप टाकून मोरी केली, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, आणि वर भराव केला. रस्ता आम्हीच मागितला होता. बाळंतपणाला निघालेली बाई पुरामुळे अलीकडेच अडकायची. पण सगळा लोंढा दोन तोंडांतून सुटू लागला आणि त्याने मोरीच्या खालच्या अंगाची माती उकरली. आता पाईपाची कड खालच्या डोहापासून गुडघाभर वर आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिथे तासभर उभा होतो. बोटाएवढे चंदेरी मासे उसळी घ्यायचे, सिमेंटवर आपटायचे, परत खाली पडायचे. एखादा आत शिरलाच, तर धार त्याला बाहेर फेकायची. आत टेकायला दगड नाही की आडोसा नाही. डोहावर बगळे ताटकळत बसलेले. वरच्या पाड्यातली पोरं आता जाळं घेऊन निघतच नाहीत.

तापीवरच्या बॅरेजबद्दल, म्हणजे मोठ्या दारांच्या बंधाऱ्यांबद्दल, हे पत्र नाही. मोरी मात्र आपल्या खात्याच्या हातातली गोष्ट आहे. ती नाल्याच्या पात्राइतकी रुंद हवी आणि तिचा तळ नाल्याच्या तळाखाली गाडलेला हवा, म्हणजे वाळू-गोटे आत येऊन बसतात. जमेल तिथे स्लॅबचा छोटा पूलच बांधावा. खर्च वाढेल. पण अरुंद पाईपात काडीकचरा तुंबून भराव वाहून जातो, तो पुन्हा घालायलाही पैसा लागतोच.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या आदिवासींना सामन माशांसाठी अशाच मोऱ्यांवरून कोर्टात जावं लागलं. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी समसमान मतं पडली, त्यामुळे खालच्या कोर्टाचा मोऱ्या बदलण्याचा आदेश कायम राहिला. आमच्या भिल्ल-पावरांवर ती वेळ येऊ देऊ नका.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक करायला अभियंता येईल तेव्हा पाड्यातल्या एखाद्या मासे धरणाऱ्याला सोबत घ्यायला सांगा. मासा कुठून चढायचा, ती जागा तो बोटाने दाखवील.

आपला,
गोमाईकाठचा एक शेतकरी