जामीन झाला, पण सुटका?

पुणे

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. पेपरात बेल, पॅरोल, फर्लो, डिस्चार्ज असं काही आलं की वर्गातली पोरं 'सर, म्हणजे सुटला ना?' विचारतात, असं लिहिलंस. अरे, खरी सुटका दोनच ठिकाणी. खटला चालवण्याइतकाही आधार नसेल तर डिस्चार्ज, म्हणजे दोषमुक्ती. खटला चालून गुन्हा शाबीत झाला नाही तर निर्दोष मुक्तता. पॅरोल-फर्लो म्हणजे शिक्षा लागलेल्यांना मिळणारी तात्पुरती रजा. मुदत संपली की परत आत. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे सहसा नाही.

माझा जीव अडकतो तो बेलपाशी, म्हणजे जामिनापाशी. मध्यंतरी शिवाजीनगर कोर्टात एक म्हातारी भेटली. मुलाचा जामीन मंजूर होऊनही तो येरवड्यातच. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा होता, पण त्यावर नाव दिराचं, आणि दीर जामीन राहायला तयार नाही. जामीनदार हवा, त्याची ऐपत हवी, वर त्याची कागदपत्रं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने हे सगळं आणायचं कुठून? श्रीमंताचा पोरगा ऑर्डर हातात पडली की घरी जातो, हिचा आतच. मला हा उघड अन्याय वाटतो.

आणि हे सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच सांगितलंय! मोतीराम नावाचा गवंडी होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर, त्याला सोडायला लावलं. २०२३ मध्ये त्याच कोर्टाने आणखी सांगितलं: महिनाभरात जामीन भरता आला नाही तर खालच्या कोर्टाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. त्याच आधारावर म्हातारीच्या मुलासाठी अर्ज टाकलाय. पुढची तारीख पडलीय.

फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे, तेही पोरांना सांग. आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून, म्हणजे निकाल लागण्याआधीच, आत गेला असेल, तर बाँडवर सोडायचं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले असले तरी अडतं.

वर्गातल्या कुणाच्या घरचं माणूस आत असेल, तर त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठव. कोठडीतल्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कुणी संकोचत असेल तर माझा नंबर दे.

तुझा,
मिलिंद