पोराचं दुखणं विचारणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. आमच्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडून पोरांना घेऊन मुंबईला टाटाला जाणाऱ्या आईबापांनीही ते वाचावं.

रक्ताचा कॅन्सर कळल्यावर आमच्या मनात एकच होतं, पोरगं वाचलं पाहिजे. दुखणं काय, सोसायचंच. इकडच्या एका दवाखान्यात चौघांनी त्याला दाबून धरलं आणि कमरेच्या हाडातून मज्जा काढली. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की त्याला उलटी व्हायची.

तुम्ही त्याच्याजवळ खाली बसलात. सहा चेहऱ्यांचं कार्ड पुढे धरलंत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा. त्याने आठावर बोट ठेवलं आणि तुम्ही तो आकडा ताप लिहावा तसा कागदावर लिहिलात. पोराच्या दुखण्याची नोंद होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाठीत औषध सोडायच्या दिवशी तुम्ही तासभर आधी बधिर करणारं मलम लावून ठेवायचात. सलाईनची सुई लावायची तर त्याला आडवं न पाडता आईच्या मांडीवर बसवायचात, हातात साबणाचे फुगे द्यायचात. फुंकर मारायच्या नादात त्याचा श्वास लांबायचा, अंग सैल पडायचं. पुढेपुढे आमच्याकडून शिकून तुम्ही त्याला अहिराणीतच विचारायला लागलात, ‘कितलं दुखस रे?’

विन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध सुरू झाल्यावर तो रात्री कण्हायचा, ‘पाय दुखतस वं माय.’ आम्हाला अशक्तपणा वाटला. ते औषध नसांना त्रास देतं, हे तुम्ही ओळखून डॉक्टरांना सांगितलंत आणि नसांच्या दुखण्याची गोळी सुरू झाली. तोंड आतून सोलवटलं, थुंकीही गिळवेना, तेव्हा मॉर्फिनचं नाव ऐकून मी घाबरलो होतो. दुखण्यापुरतं, मोजून दिलेल्या औषधाने पोरगं व्यसनी होत नाही, तोंड बरं झालं की डोस हळूहळू उतरवतात, हे तुम्ही घाई न करता समजावलंत. तसंच झालं. दोन घास पोटात गेल्यावर तो पहिल्यांदा भावाशी फोनवर बोलला.

आणि एक गोष्ट, जी मी घरीही नीट बोललो नव्हतो. तुम्ही मला विचारलंत, ‘दादा, झोप लागते का?’ तोवर सगळे पोराची आणि त्याच्या आईची चौकशी करायचे. बापाने कागदपत्रं, पैसे, केळीच्या बागेचं पाणी बघायचं. रात्री मी उठून पोराचा श्वास चालू आहे का ते बघायचो, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नसे. बऱ्याच आईबापांचं असं होतं, उपचार संपले तरी ही धास्ती कधीकधी मागे राहते, असं सांगून तुम्ही आम्हा दोघांना समुपदेशक ताईंकडे पाठवलंत. तिथे मी रडलो, आणि बायकोही माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली.

मी उपचार सोडून गावी परतायच्या विचारात होतो, हे तुम्हाला माहीत नसेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. उपचार अर्धवट सुटणं हे त्याचं एक कारण. ते पैशापायी सुटतात, हे खरंच. पण पोराची किंकाळी रोज ऐकवत नाही म्हणूनही माणूस गाडी धरतो, हे मी स्वतःवरून सांगतो. तुम्ही त्याचं दुखणं कमी केलंत म्हणून आम्ही थांबलो.

आता घरी गोळ्या चालू आहेत, तो शाळेत जातो. तपासणीला येऊ तेव्हा तुम्हाला भेटूच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र तुम्ही आमच्याकडे यायचं, त्याची आई खापरावरची पुरणपोळी करणार आहे.

तुमचा,
चोपडा तालुक्यातला एक बाप