कार-टी उपचार परळच्या फुटपाथपर्यंत यावा

आयआयटी मुंबई आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने विकसित केलेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या कार-टी उपचाराचं एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांत नवं जनुक घालतात. हा कर्करोग बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींत होतो. बदललेल्या टी-पेशी त्यांच्यावरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखतात, पेशीला चिकटतात आणि तिला मारतात. अर्थात सुक्याबरोबर ओलंही जळतं. निरोगी बी-पेशीही जातात, संसर्गाचा धोका वाढतो. बातम्यांत हे सहसा शेवटच्या ओळीत असतं!

खर्च परदेशापेक्षा कमी, तरी लाखांच्या घरात. परळच्या फुटपाथवर रिपोर्टांची पिशवी उशाशी घेऊन झोपणाऱ्यांनी तो आणायचा कुठून? सरकारी योजनेतून या उपचाराचा पूर्ण खर्च कधी मिळेल, हे आरोग्यमंत्र्यांनी सांगावं.

– एक वाचक, लालबाग