कालनिर्णयच्या मागच्या ४१ रेघा

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. वगैरे सगळं आहेच, ते धरून चला.

एवढं लांबलचक टाईप करतेय कारण परवा फोनवर बाबा म्हणाले, "तेहतीस वर्षांची झालीस, अजून गेम खेळतेस?" आणि मी "हो, जरा, कधीतरी" असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. खरं उत्तर नेहमीप्रमाणे फोन ठेवल्यावर सुचलं, भांडी घासताना. तर ते लिहितेय. बाबा, तुम्ही चष्मा लावून मोठ्याने वाचा. आई, तू फक्त ऐक, ऑपरेशनला महिनासुद्धा झाला नाहीये, मोबाईल डोळ्याला लावून बसू नकोस.

आधी मला सांगा, गणपतीत मी प्लेस्टेशन घेऊन आले होते तेव्हा पाचव्या दिवशी रात्री दीड वाजेपर्यंत हॉलमध्ये कोण बसलं होतं? मी एकटी? सुरुवातीला तुम्ही पेपर घेऊन बसला होतात, "आवाज कमी कर" एवढंच म्हणायला. एल्डन रिंग लावला होता मी, किल्ल्याच्या दाराशी तो मार्गिट उभा असतो ना, शेपटीवाला, हातात काठी घेतलेला. दर वेळी मी मेले की स्क्रीनवर लाल अक्षरं यायची, आणि आई आतून मोदकाची उकड मळता मळता ओरडायची, "परत मेलंस गो?" तिसऱ्या-चौथ्या वेळेला पेपर खाली आला. दहाव्या वेळेला तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढलंत आणि जुलैच्या मागच्या पानावर पेन्सिलीने रेघा मारायला लागलात, चार उभ्या आणि पाचवी आडवी, जशी शाळेत हजेरी मोजायचात तशी. आई त्याला संकासुर म्हणायला लागली, आपल्या दशावतारी नाटकातल्या राक्षसावरून. "मेलो की नाय तो संकासुर?"

आणि मग तुम्ही जे बोललात ना बाबा, ते मी ऑफिसमधल्या चार लोकांना सांगून झालंय. तुम्ही म्हणालात, "तो काठी वर नेतो आणि थांबतो. तू तो मारायच्या आधीच लोळतेस. त्याला माहितीये तू घाई करणार." हा गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, वार चुकवायला नेमकं कधी लोळायचं, हीच गोष्ट शिकायला लोकांचे दिवसच्या दिवस जातात. तो मुद्दाम उशीर करतो, वार हवेत लटकवून ठेवतो, तुमचा श्वास मोजतो. आयुष्यात कंट्रोलर हातात न धरलेल्या रिटायर्ड गणिताच्या मास्तरांनी ते वीस मिनिटांत ओळखलं. मी विचारलं कसं कळलं, तर म्हणालात, "आमचे दशावतारातले राक्षस असेच करत. तलवार वर न्यायची आणि थांबायचं. मृदंगवाल्याला पण थांबवायचं. लोकांचा जीव वर झाला की मग मारायची."

बास. हेच उत्तर होतं माझं, पण सांगते नीट.

तुम्हाला आठवतंय का मला माहीत नाही, मी सात-आठ वर्षांची असेन, जत्रेत पालखी फिरून आली आणि मध्यरात्रीनंतर नाटक सुरू झालं, मी तुमच्या मांडीवर शाल पांघरून अर्धी झोपलेली. गणपती येऊन गेला, भटजी येऊन गेला, संकासुराने लोकांना हसवलं, मग आख्यान लागलं. स्टेजवर काय होतं? एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, त्याच्यावर चढला की स्वर्ग आणि खाली उतरला की जंगल. आणि ऐन युद्धात जनरेटर बंद पडला. सगळं काळं. लोक ओरडायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली. पेटीवाला मात्र थांबला नाही, काळोखात सूर धरून राहिला, आणि त्या काळोखातून राक्षसाचा आवाज आला, "अरे! माझ्या नुसत्या गर्जनेने सूर्य मावळला की काय!" जो काय हशा पिकला. मग बॅटऱ्या लागल्या, कुणीतरी पेट्रोमॅक्स आणली, आणि त्या उजेडात त्याने राहिलेली लढाई केली, त्याची सावली मागच्या पडद्यावर दुप्पट मोठी पडत होती. मी खडखडीत जागी होते. आख्यान कुठलं होतं ते मला आज आठवत नाही पण ते वाक्य आठवतं.

ते वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असणारच नाही, कारण दशावतारात संहिताच नसते, आख्यान काय आहे, कोण कोणाला मारणार, एवढं आधी ठरतं आणि बाकीचं जो तो उभ्या उभ्या बोलतो. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच मला सांगितलंय. पण माझ्या डोक्यात गेली काही वर्षं हे घोळतंय की मला सिनेमा, गेम आणि स्टेजवरचं यात नक्की काय वेगळं वाटतं, आणि मला वाटतं सगळं चुकीपाशी येऊन थांबतं. सिनेमात चूक झाली की ती कापतात, आपल्यापर्यंत येतच नाही. स्टेजवर चूक झाली की ती सगळ्यांसमोर सांभाळावी लागते. आणि गेममध्ये चूक करणारी मीच असते, बाबा, मीच ती बाकड्यावर उभी असते आणि माझाच जनरेटर गेलेला असतो. त्या ४१ रेघा म्हणजे माझ्या ४१ चुका आहेत, त्यात वेळ फुकट घालवणं वगैरे नाही. बरं, थोडं आहे.

आता तुम्ही लगेच म्हणाल "मग वस्त्रहरण?" मला माहितीये, तुम्ही म्हणणारच, कारण तुम्ही ते किती वेळा बघितलंय ते आईला पाठ आहे. बरोबर आहे. गवाणकरांचं ते आख्खं नाटकच चुकांचं आहे, गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरण बसवतात आणि जे जे बिघडू शकतं ते बिघडतं, आणि १९८० पासून त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले म्हणजे त्याच चुका पाच हजार वेळा ठरवून केल्या. मग ती चूक कसली, ती तर तालीम. माझी थिअरी इथे थोडी लंगडते हे कबूल. पण तुम्हीच सांगायचात की मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच समोरच्या लोकांचा अंदाज घेऊन त्या दिवसापुरतं काहीतरी टाकायचा, आणि समोरच्या नटाला हसू आवरायचं नाही. म्हणजे ठरवलेल्या चुकांच्या आत एक खरी फट ठेवलेली होती. लोक ती बघायलाच परत परत जायचे असं माझं मत आहे, तुमचं वेगळं असेल तर फोनवर भांडू.

आई, आता तुझ्यासाठी. तुला तो दुसरा गेम आवडला होता ना, राजी, सर्कशीतल्या पोरीचा, जिच्या भावाला असुर उचलून नेतात आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. तू म्हणालीस हे बरं आहे, यात देव बोलतायत, विष्णू आणि दुर्गा वरून बघतायत आणि आपसात गप्पा मारतायत, जशा दोन शेजारणी गडग्यावरून मारतात. तो गेम पुण्यातल्या लोकांनी केलाय, २०२० मध्ये आला, हे मी तुला सांगितलं तर तुझा विश्वास बसेना. त्यात मधे मधे गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या येतात, आणि तू ताबडतोब म्हणालीस, "ह्या तर आमच्या पिंगुळीचा!" 

मी तेव्हा हसले, पण नंतर विचार करत बसले. आमच्या ऑफिसातली पोरं तो गेम खेळून म्हणतात काय युनिक आर्ट स्टाईल आहे, आणि कुडाळातली माझी आई स्वयंपाकघराच्या दारातून बघून म्हणते हे रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पिंगुळीत सावल्यांच्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळे टीव्हीवर बघून खूश झालो, पण त्यांच्या गोठ्यातल्या त्या म्युझियममध्ये मी शेवटची कधी गेले होते, शाळेच्या सहलीला असेन. चामड्याची ती बाहुली दिव्यापुढे धरली की तिच्या भोकांतून उजेड येतो आणि दागिने चमकतात, हे मी तिथे बघितलेलं. बाहुली पडद्याला टेकवली की सावली एकदम धारदार, जरा मागे ओढली की फुगते, धुरकट होते. तेवढ्यानेच राक्षस मोठा होतो. गेममध्ये ते करायला प्रोग्रॅम लिहावा लागतो आणि तिथे मनगट थोडं मागे घ्यायचं.

तरी मी त्या गेमबद्दल खोटं कौतुक करणार नाही. लढाया नंतर नंतर कंटाळवाण्या होतात आणि शेवट असा तुटल्यासारखा येतो की मला वाटलं माझंच डिस्क बिघडलं. दिसायला मात्र पोरीसारखं देखणं.

आता सिनेमा. "दशावतार" तुम्ही शेजारच्या काकांच्या गाडीतून जाऊन बघून आलात, आई दोनदा रडली, बाबा एकदाही रडले नाहीत असं बाबांचं म्हणणं आहे. मी इथे पुण्यात बघितला. दिलीप प्रभावळकर, ८१ वर्षांचा माणूस, डोळ्यांनी कमी दिसायला लागलेला म्हातारा दशावतारी उभा करतो, आणि मी थेटरात बसून आईच्या मोतीबिंदूचा विचार करत होते. थेटरबद्दल बोलायला नको, माझ्या पुढच्या रांगेत एक बाई पूर्ण वेळ रील्स बघत होत्या आणि मध्यंतरानंतर डावीकडचा स्पीकरच गेला, तक्रार केली तर मुलगा म्हणाला, "मॅडम, थोडा वेळ बघा, येईल." नाही आला. मालवणी संवादांना लोक उशिरा हसत होते आणि मी आधी हसत होते, त्यामुळे दोन-तीन वेळा मी एकटीच हसले आणि लोकांनी वळून बघितलं. छान वाटलं ते.

सिनेमा आवडला मला. पण एक गोष्ट खटकत राहिली आणि ती सिनेमाची चूक नाही. रंगवलेला चेहरा एवढ्या जवळून दाखवला की मला प्रत्येक रेघ दिसली, आणि जत्रेत मला ती कधीच दिसली नव्हती, पन्नास फुटांवरून, धुरात, डोक्यांच्या मधून दिसायचा तो फक्त एक पांढरा-लाल चेहरा, बाकीचं मी भरून काढायचे. आणि तो चेहरा त्याने स्वतः रंगवलेला असायचा. एकदा तुम्ही मला मागे घेऊन गेला होतात, एक माणूस पत्र्याच्या ट्रंकेवर बसून छोट्याशा आरशात बघून डोळ्यात काजळ घालत होता, दाढीचे खुंट सफेद्याखाली दिसत होते, तोंडात बिडी, आणि मला म्हणाला, "काय गो बाय, जेवलंस?" दहा मिनिटांनी तो द्रौपदी होऊन बाहेर आला आणि आईने पदराने डोळे पुसले. कुठल्याही ग्राफिक्स कार्डाला हे जमायचं नाही आणि मी चाळीस हजारांचं घेतलंय. (किंमत वाचून बाबा थांबले असतील. पुढे वाचा.)

मुद्द्यावर येते. तुम्ही दोघं गेली चार वर्षं जत्रेला रात्री थांबत नाही. ओटी भरून साडेआठला घरी. बाबांचे गुडघे, आईचे डोळे, थंडी, रिक्षा मिळत नाही, सगळं खरं आहे. आणि मग घरी बसून यूट्यूबवर दशावतार बघता, तेही दीडच्या स्पीडवर, कारण बाबांना वाटतं गाणी लांबतात. बाबा! तुम्ही! ज्यांनी मला शिकवलं की तो काठी वर नेऊन थांबतो! दीडच्या स्पीडवर तो थांबणार कुठे?

तर यंदा तुळशीचं लग्न झाल्यावर आपल्या गावची जत्रा असेल त्या आठवड्यात मी सुट्टी टाकलीये. रात्रीच्या बसने येतेय. दोन फोल्डिंगच्या खुर्च्या मागवल्यात, पाठ टेकता येते अशा, पार्सल तुमच्या पत्त्यावर येईल, "कशाला खर्च केलास" म्हणत परत पाठवू नका. आईसाठी डॉक्टरांना विचारून घेतलंय, काळा चष्मा लावून बसली तर चालेल म्हणाले, म्हणजे अख्ख्या जत्रेत ती सगळ्यात स्टायलिश. थर्मासमध्ये चहा मी करेन, भजी तिथलीच खायची. झोप आली तर खुर्चीत झोपा, मी नाही का झोपायचे तुमच्या मांडीवर. दहीकाला होईपर्यंत थांबायचं.

अजून एक, हे सांगू की नको असं झालं होतं. मार्गिट मेला. पुण्याला परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यात, रात्री एक वाजता, त्याने काठी वर नेली आणि मी थांबले, तुम्ही सांगितलं तसं, आणि मग लोळले, आणि गेला तो. मी उडी मारली, आणि मग फ्लॅटमध्ये फक्त फ्रीजचा आवाज. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला झाडू मारला, एवढीच काय ती दाद. तुम्हाला फोन करणार होते पण एक वाजलेला. दुसऱ्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही, कारण तुमच्या ४१ रेघांनंतर मी इथे किती वेळा मेले ते मोजलंच नाही.

म्हणून येताना प्लेस्टेशन आणतेय, नवीन कॅरेक्टर काढून पहिल्यापासून. बाबा, कालनिर्णयचं ते पान रद्दीत गेलं नसेल तर काढून ठेवा, आणि पेन्सिलीला टोक करा.

तुमची,
चेडू

ता. क. आई, उकडीचे मोदक जत्रेत नसतात हे मला माहितीये, तरी.