तक्रार : २४ नंबरच्या पोर्टात तांबे आणि फायबर एकत्र जोडल्याबाबत

पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक
दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
सेवा व्यवस्थापक

विषय : स्विचची चुकीची जोडणी, गरज नसताना विकलेला रेकॉर्डर आणि तांब्याऐवजी लावलेली सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची) केबल

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या द्राक्ष पॅकहाउसच्या ऑफिसपासून शीतगृह १८० मीटरवर आहे. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच चालते, म्हणून पूर्वी मधल्या खांबावर पेटीत एक छोटा स्विच (नेटवर्क केबल एकमेकींना जोडणारे यंत्र) ठेवला होता. गेल्या मे महिन्यात वीज पडली आणि तो स्विच, शिवाय दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले. तेव्हा आपण फायबर, म्हणजे विजेऐवजी प्रकाशातून माहिती नेणारी काचेची केबल, टाकायला सांगितले. सल्ला योग्यच होता. जळण्याची ती भीती आता नाही आणि शीतगृहाचे तापमान ऑफिसात बसून दिसते.

पण ज्या दिवशी फायबर जोडले, त्याच दिवसापासून ऑफिसातला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बंद पडला. त्यानंतर जानेवारीत आपली माणसे चार वेळा आली. पहिल्यांदा कनेक्टर कापून नवे क्रिंप केले. दुसऱ्यांदा पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी केबल) बदलली. तिसऱ्यांदा निदान झाले, "साहेब, तुमचा रेकॉर्डरच गेलाय." ११,५०० रुपयांचा नवा रेकॉर्डर घेतला. तो लावताच चालला, मी सही केली, पैसे दिले. संध्याकाळी तोही बंद!

मधल्या काळात माझ्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली होती. शीतगृहाकडची वीज गेली की ऑफिसातला रेकॉर्डर सुरू होई आणि तिकडे वीज आली की बंद पडे. चौथ्या फेरीला मी हे सांगितले, तर उत्तर मिळाले की अर्थिंग तपासून घ्या. वायरमन बोलावून तेही तपासले. अर्थिंगमध्ये काही खोट निघाली नाही. नवा रेकॉर्डर लावला त्या दुपारी शीतगृहाची वीज बंद होती, हे मला नंतर आठवले.

शेवटी एका रात्री मी स्टूल घेऊन रॅकसमोर बसलो. आपण दिलेल्या स्विचच्या पुढच्या पत्र्यावर २३ आणि २४ हे आकडे दोन-दोनदा छापलेले आहेत, एकदा तांब्याच्या पोर्टावर आणि एकदा फायबर जोडायच्या खाचेवर, जिला एसएफपी म्हणतात. हे कॉम्बो पोर्ट आहेत. दिसायला दोन, पण आत जागा एकाचीच. एसएफपीमधून प्रकाश आला की स्विच त्याला मान देतो आणि त्याच नंबरचे तांब्याचे पोर्ट आपोआप बंद करतो. आपल्या माणसाने फायबर २४ च्या खाचेत घातले आणि रेकॉर्डरची केबल २४ च्याच तांब्याच्या पोर्टात खोचली. शीतगृहातला स्विच बंद झाला की प्रकाश थांबायचा आणि रेकॉर्डरला जीव यायचा. डब्यातल्या माहितीपुस्तकात हे चित्रासकट दिले आहे. ते पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होते.

मी केबल काढून १९ नंबरला लावली. अर्ध्या मिनिटाचे काम. तेव्हापासून दोन्ही चालू आहेत. जुना रेकॉर्डरही लावून पाहिला, तो ठणठणीत आहे.

चूक कोणाच्याही हातून होते. राग याचा आहे की चार फेऱ्यांत आपल्या माणसांनी स्विच सोडून सगळीकडे बोट दाखवले, आणि प्रत्येक फेरीचे ६०० रुपये घेतले.

दुसरी गोष्ट. गेटवरचा कॅमेरा रोज अंधार पडला की बंद-चालू होतो. त्याला वीज याच नेटवर्क केबलमधून जाते. बिलात "कॅट-६, शुद्ध तांबे" लिहिले आहे. उरलेला तुकडा मी ब्लेडने खरवडला, तर तांबडा रंग वरवरचा आणि आत पांढरे अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही. गेटपर्यंत ८५ मीटर केबल आहे, आणि रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की त्याला जास्त वीज लागते. तेवढी पोचत नाही. तो तुकडा मी जपून ठेवला आहे.

तरी रेकॉर्डर परत नेऊन ११,५०० रुपये आणि चार फेऱ्यांचे २,४०० रुपये मला परत द्यावेत. गेटची केबल बिलाप्रमाणे शुद्ध तांब्याची, आपल्या खर्चाने टाकून द्यावी. येणाऱ्याने फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर सोबत आणावा आणि फायबरच्या दोन्ही टोकांचे रीडिंग लिहून द्यावे, ते मला अजून मिळालेले नाही. रॅकमधल्या प्रत्येक केबलला नंबरची चिठ्ठीही लावावी. द्राक्षाचा हंगाम सुरू आहे, त्यामुळे काम सकाळी दहाच्या आत व्हावे. त्यानंतर गाड्या भरायला लागतात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. बिलांच्या प्रती, स्विचच्या पत्र्याचा फोटो आणि खरवडलेल्या केबलचा फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)